पाय ठेवता येईल असं चित्र

"साहेब, तुमचा बैल आवरा."

मी दाढी करत होतो. एका गालावर साबण तसाच होता. दारात एस.टी.चा ड्रायव्हर उभा होता. त्याची गाडी आमच्या आळीच्या तोंडाशी इंजिन बंद करून थांबली होती. तिच्यामागे काळ्या-पिवळ्या जीप, दुधाची गाडी आणि मोटरसायकलींची रांग. सगळे हॉर्न वाजवत होते, पण पुढे कोणी येत नव्हतं.

माझ्याकडे बैल नाही. कधी नव्हताही. मी रस्त्यांच्या खात्यात शाखा अभियंता होतो, म्हणजे एका भागातल्या रस्त्यांचे खड्डे, मोऱ्या आणि तक्रारी ज्याच्या नावावर असतात तो माणूस. पण ड्रायव्हर चुकीचं बोलत नव्हता. रस्त्यावर बैल होता आणि त्याच्या परवानगीवर माझी सही होती.

बैल रंगाचा होता. डांबराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, मान खाली घालून, शिंगं रोखून, येणाऱ्या गाडीच्या अंगावर धावत सुटलेला.

"घ्या की वरून," मी म्हणालो. "चित्र आहे ते."

"चित्र हाय ते दिसतंय मला. पण सर्जा हाय त्यो. सर्जावरनं गाडी घालू? संध्याकाळी परत ह्याच गावातनं जायचंय मला."

"मग इतके दिवस कसे जात होता?"

"बाजूनं. आज बाजूला कांद्याचा टेम्पो लावलाय कुणीतरी."

गाडीच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "घालू नगं रं बाबा! आमी उतरून चालत जातो. आन् ह्या सायबाला आदी तोंड धुवून ये म्हनावं."

टेम्पोवाल्याला शोधून टेम्पो हलवला. एस.टी. साइडपट्टीवर उतरली. साइडपट्टी म्हणजे डांबराच्या कडेची मुरुमाची पट्टी. गाड्यांना अडचणीत खाली उतरता यावं आणि माणसांना चालता यावं, यासाठी ती असते. त्या वेळी तिच्यावरून शाळेची मुलं चालली होती. एस.टी. जवळून गेली तशी ती दप्तरांसकट शाळेच्या भिंतीला चिकटली. दोघं मागे सरताना गटारात उतरली.

मी साबण लावलेल्या गालाने ते पाहत उभा राहिलो. हीच मुलं वाचावीत म्हणून ते चित्र काढलं होतं. पूर्वी गाड्या रस्त्याच्या मधून जोरात जायच्या. आता हळू जात होत्या, पण मुलांच्या अंगावरून.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. मोटरसायकलवरून ऑफिसला जाताना मी स्वतःही बाजूनेच जात होतो. मला कोणी सांगितलं नव्हतं. हँडल आपोआप वळत होतं.

हे सगळं कसं झालं ते सांगतो.

आमची आळी घोडेगावच्या कडेला, शिनोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तोच रस्ता पुढे भीमाशंकरला जातो. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला प्राथमिक शाळा, आणि शाळेच्या लगेच अलीकडे वळण. रस्ता खराब होता तोवर तिथे कोणाला लागलं नव्हतं. तक्रारी मात्र रोज यायच्या. मग आम्ही रस्ता चांगला केला. तक्रारी थांबल्या आणि एका जीपने शाळेच्या शिपाईमामांचा पाय मोडला.

त्यानंतर आळीचा अर्ज आला : शाळेसमोर गतिरोधक, म्हणजे आपण ज्याला स्पीडब्रेकर म्हणतो तो, बसवून मिळावा. अर्जावर पहिली सही माझ्या बायकोची होती. सुमनला तो मला घरी देता आला असता. तिने तो रीतसर ऑफिसात आणून दिला आणि पोच घेतली.

मी नकार दिला. तो बरोबर होता असं मी आजही म्हणतो. वळण संपता संपता उंचवटा आला तर ड्रायव्हरला तो दिसत नाही. मोटरसायकलवाला त्यावर उडतो आणि मग आपण शिपाईमामांच्या शेजारी त्याच्यासाठी खाट शोधतो. वळणाला लागून गतिरोधक घालायचा नाही, असा नियमच आहे. हे सगळं मी उत्तरात मुद्देसूद लिहिलं. त्या रात्री जेवायला पिठलं होतं. दुसऱ्या रात्रीही पिठलं होतं.

तिसऱ्या रात्री सुमनने विचारलं, "गतिरोधक नियमात बसत नाही. मग काय बसतं?"

"रंग बसतो," मी म्हणालो.

माझ्या मनात पांढरे पट्टे होते. आळीने त्याचा अर्थ वेगळा घेतला.

दोन दिवसांनी बाळूअण्णांच्या गोठ्यात बैठक भरली. बाळूअण्णा आमचे शेजारी. जुने बागायतदार. त्यांचा सर्जा नावाचा बैल बैलगाडा शर्यतीत पळायचा. आमच्याकडे शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात. आंबेगाव-जुन्नरच्या घाटांत सर्जाचं नाव माहीत नाही असा माणूस त्या काळी सापडला नसता. आदल्या वर्षी तो म्हातारपणाने गेला. बाळूअण्णांच्या ओटीवर त्यांच्या वडिलांचा फोटो आहे. त्याच्या शेजारी सर्जाचा आहे. सर्जाचा मोठा आहे.

कल्पना बबन पेंटरची. बबन गाड्यांच्या नंबरप्लेटा, दुकानांचे बोर्ड आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा.

"साहेब, पांढऱ्या पट्ट्याला कोन इचारतंय?" बबन म्हणाला. "पर वळनावरनं येताना समोरनं बैल अंगावर आलेला दिसला, तर ब्रेक न मारनारा मानूस दाखवा मला. आन् बैल काढायचा तर सर्जा सोडून दुसरा कुठला?"

मी विचार केला. मला त्यात तांत्रिक चूक सापडली नाही.

मी घोडेगावच्या ऑफिसातून आमच्या उपअभियंता साहेबांना फोन लावला. ते माझे वरिष्ठ. सतत घाईत असायचे.

"चित्र?" ते म्हणाले. "खात्याचा काही खर्च?"

"नाही. वर्गणी त्यांची, पेंटर त्यांचा."

"मग काढू दे की."

"लेखी द्याल का, सर?"

"तुम्हीच द्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी परवानगी दिली, पण अटी घातल्या. अक्षरं नकोत, कारण वाचत बसलेला ड्रायव्हर ब्रेक मारत नाही. देवदेवता नकोत. पक्षाचं चिन्ह नको. जिवंत किंवा मृत व्यक्ती नको. रंगात बारीक वाळू मिसळावी, कारण साधा ऑइलपेंट पाणी पडलं की गुळगुळीत होतो आणि चाक घसरतं.

वाळूवरून बबन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. "सर्जाच्या अंगाला खरूज झाल्यागत दिसंल," असं तो आळीभर सांगत होता. तसं दिसलं नाही. रविवारी अर्धा अर्धा रस्ता बंद ठेवून त्याने चित्र काढलं आणि ते उत्तम निघालं. बाळूअण्णा संध्याकाळपर्यंत कडेला बसून होते. "डावं शिंग जरा आत व्हतं त्याचं," एवढंच बोलले. बबनने डावं शिंग आत घेतलं.

देवदेवता नकोत असं मी लिहिलं होतं. बैल नको असं लिहायचं राहिलं.

पहिल्या दिवशी गाड्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी सर्जाच्या कपाळावर हळद-कुंकू वाहिलं. मग माणसं त्याला वळसा घालून चालू लागली. वरच्या आळीतले मेंढरंवाले मामा रोज तिथून कळप नेत. त्यांनीही कळप शाळेच्या बाजूने वळवला. मेंढरांना कशाचंच काही वाटत नव्हतं, पण मामांना वाटत होतं. बबन तर चित्र वाळल्यापासून त्याच्या आसपास फिरकला नव्हता. "मी कसा पाय ठिवू? माझ्या हातचा हाय त्यो," असं त्याचं म्हणणं.

एस.टी.च्या त्या प्रकारानंतर मी शाळा भरायच्या वेळी ओट्यावर बसून वाहनांची मोजणी केली. मोजणीचे आकडे इथे देत नाही, घरातसुद्धा ते कोणी ऐकून घेतले नव्हते. निष्कर्ष एवढाच की सर्जावरून फक्त एक वाहन सरळ गेलं. ते पुण्याचं होतं. आळीतल्या बायकांनी त्याच्या ड्रायव्हरला जे ऐकवलं त्यावरून तो परतीला दुसऱ्या रस्त्याने गेला असावा.

महाशिवरात्र तोंडावर आली होती. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांची त्या दिवशी रीघ लागते. ती सगळी रीघ साइडपट्टीवरून, शाळेच्या भिंतीला घासून जाणार होती. मी उपअभियंता साहेबांना सगळं सांगितलं.

"पुसून टाका," ते म्हणाले.

मी आमच्या गँगच्या मुकादमाला बोलावलं. गँग म्हणजे रस्त्याच्या दुरुस्तीचे मजूर. मुकादमाने चित्र पाहिलं, टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"सायब, काय करायचं म्हंता?"

"वर डांबर मारायचं. पातळ थर."

"ऊन डांबर? सर्जाच्या तोंडावर?" तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू डांबराच्या कढईत मीच पडलो तर बरं. "दुसरं कायबी सांगा. ह्या नोकरीत मी लई कामं केल्याती. हे न्हाई व्हनार."

शेवटी साहेब स्वतः जीपने आले. वळणावर त्यांच्या ड्रायव्हरने जीप साइडपट्टीवर घेतली.

"सरळ घे रे!" साहेब ओरडले.

"सर, तुमी हितं उतरा," ड्रायव्हर नम्रपणे म्हणाला. "मी बाजूनं घेऊन म्होरं थांबतो."

साहेब रागाने उतरले. दार आपटलं. तरातरा चित्रापर्यंत आले. मग थांबले. इकडेतिकडे पाहिलं आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

मी शाळेच्या भिंतीकडे पाहू लागलो. 

"मोजायचंय जरा," साहेब म्हणाले. मोज्यांवर चित्राच्या कडेकडेने एक फेरी मारून त्यांनी बूट घातले. "आमच्याकडेही होता एक," ते हळूच म्हणाले. "लहानपणी." मग त्यांना आपण साहेब असल्याची आठवण झाली. "हे बघा, महाशिवरात्रीच्या आत याचा निकाल लावा. कुठल्या मुलाला काही झालं तर परवानगीवर सही तुमची आहे."

सही माझी होतीच. पण भिंतीला चिकटलेली ती मुलं मी रोज बघत होतो, त्यासाठी साहेबांनी सांगण्याची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी पुन्हा गोठ्यात बैठक. मी प्रश्न सरळ मांडला. "सर्जाच्या जागी असं काहीतरी हवं की ज्यावरून माणूस गाडी नेईल, पण हळू नेईल. ज्यावर पाय ठेवायला कोणाला काही वाटणार नाही, असं चित्र सांगा."

"शिवनेरी," बबन म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. "ऱ्हायलं," तो म्हणाला.

"टोमॅटो?"

"अन्न पायाखाली घालतो का आपन?"

"पुस्तक. पाटी. शाळाच हाय समोर."

"पुस्तकाला पाय लागला तर पाया पडतो आपन. रोज किती येळा पडायचं?"

"कासव?"

"देवळात असतंय."

"मोर? उंदीर? नाग?" एकेकाच्या पाठीवर किंवा शेजारी देव निघाला. कमळ आणि घड्याळ मीच काढून टाकली.

"बिबट्या काढा," मेंढरंवाल्या मामांचा जावई म्हणाला.

"राव, तुमचं डोकं ठिकान्यावर हाय का?" मामा म्हणाले. "त्यो हाय तसाच मेंढरं न्यायला येतोय. वर त्याला आवतान द्यायचं?"

इतकी वर्षं नोकरी करून मला त्या संध्याकाळी कळलं की आमच्या मुलखात पायाखाली घालता येईल अशी वस्तू जवळजवळ नाहीच.

सुमन गोठ्याच्या दाराशी सतरंजीवर बसली होती. बैठकीसाठी ती आमच्याच घरून आणली होती. ती एकदम म्हणाली, "ही काढा."

"कोणती?"

"ही. सतरंजी. पायाखाली घालायलाच असते. पण चपला घालून कोणी हिच्यावर येतं का? आता तुम्हीच सगळे बाहेर चपला काढून आलात. गाडी घेऊन हिच्यावर यायचं तर माणूस बिचकेल. पण येईल."

सगळ्यांनी दाराबाहेरच्या चपलांकडे पाहिलं. आक्षेप कोणालाच सापडत नव्हता.

मी सतरंजीकडे पाहत होतो. आडवे पट्टे. एकामागे एक. आमच्या नियमांच्या पुस्तकात हेच आहे. धोक्याच्या जागेआधी रस्त्यावर आडवे पट्टे मारायचे आणि त्यांच्यातलं अंतर हळूहळू कमी करत न्यायचं. गाडी त्याच वेगात असली तरी पट्टे भराभर मागे पडू लागतात. ड्रायव्हरला वाटतं आपला वेग वाढतोय, आणि पाय ब्रेकवर जातो. मी सुमनला हे समजावून सांगितलं. फक्त एका टोकाला पट्टे दाट करावे लागतील, म्हणालो.

"म्हणजे धुतल्यावर आटलेली," ती म्हणाली. "चालेल."

उरला सर्जा. त्याच्यावर हात कोण घालणार?

 बैठकीत चित्र पुसायचा विषय निघाला की बाळूअण्णा उठून बैलांपुढे वैरण टाकायचे. त्यांच्या दोन बैलांपुढे त्या दिवशी आठवडाभराची वैरण पडली असेल. आम्हीही त्यांना काही विचारलं नाही. बैल त्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. दोन जीप पाठोपाठ आल्या, सर्जाला वळसा घालून साइडपट्टीवर उतरल्या. मुलं भिंतीला चिकटली. एका मुलीची चप्पल गटारात गेली. ती एका पायावर उभी राहून रडायला लागली.



"त्यानं कधी पोराला शिंग लावलं न्हाई," बाळूअण्णा म्हणाले. "पोरं त्याच्या पोटाखालनं खेळायची. हे त्याला आवडलं नसतं, साहेब."

"मग?"

"उद्या सकाळी येतो घेऊन त्याला."

मला नीट कळलं नाही. सकाळी कळलं.

बाळूअण्णा धुतलेलं धोतर नेसून आले. हातात पुरणपोळी आणि कासरा, म्हणजे बैलाचा दोर. आळी जमली होती. मी दोन्ही बाजूंनी गाड्या थांबवल्या होत्या. पहिल्या रांगेत नेमकी तीच एस.टी. होती.

बाळूअण्णांनी चपला काढल्या. सर्जाच्या तोंडापाशी पोळी ठेवली. खाली बसून कपाळावरून हात फिरवला. वाळूमुळे तळहात खरबरला असेल. मग ते उठले, कासऱ्याला हिसका दिला आणि बसलेल्या बैलाला उठवतात तसे म्हणाले, "ऊठ राजा. चल घरी. लई येळ बसलास रस्त्यात."

आणि ते चालू लागले. मागे न बघता, हातात सैल कासरा, अगदी बैलाच्या चालीने. कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. तरी आळीतली माणसं दोन्हीकडे सरकली आणि जाणाऱ्याला वाट दिली. एस.टी.च्या ड्रायव्हरने गाडी चार हात मागे घेतली. मीही मागे सरलो. का, ते विचारू नका.

गोठ्याच्या दारातून बाळूअण्णांनी आवाज दिला, "बांधला! आता तिथं नुस्ता रंग ऱ्हायलाय."

सगळ्यात आधी मेंढरंवाले मामा त्याच्यावरून चालत गेले. मग मुकादम. मग बबन, जरा डोळे मिटून. दुपारपर्यंत गँगने वर डांबराचा पातळ थर मारला. मुकादमाला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

सतरंजी दोन दिवसांत झाली. लाल, पांढरी, निळी. बबनने हौसेने दोन्ही टोकांना झालरीचे गोंडे काढले. ते नियमात नव्हते. मी पाहिले नाहीत असं ठरवलं. साहेबांना कळवताना मी 'आडवे पट्टे मारण्यात आले' असं लिहिलं. ते पाहायला आले तेव्हा जीप सतरंजीवरून आली, अगदी हळू, बिचकत.

"हे बरंय," साहेब म्हणाले. मग खाली वाकून म्हणाले, "गोंडे कशाला?"

"गटाराची दिशा दाखवतात, सर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

महाशिवरात्रीला गाड्यांची रीघ लागली. मी दिवसभर ओट्यावर होतो. गाड्या वळणावरून यायच्या, सतरंजी दिसताच मंद व्हायच्या आणि पाहुण्यासारख्या सावकाश वरून जायच्या. साइडपट्टीवर एकही उतरली नाही. एका मोटरसायकलवाल्याने दोन्ही पाय वर उचलून घेतले. एस.टी.चा ड्रायव्हर माझ्यासमोर थांबला. "जरा वंगाळ वाटतंय चिखलाच्या टायरानं," म्हणाला, "पर चालतंय." त्यानंतर मी तिथे होतो तोवर त्या वळणावर कोणाला लागलं नाही.

रस्त्यावर लोकांना चित्रं काढू द्यावीत का, असं मला पुढे जुन्नरपासून बऱ्याच ठिकाणी विचारलं गेलं. माझं मत आहे की द्यावीत. वाळू मिसळायला लावावी, अक्षरं नकोत, वळण पाहावं. फक्त अटींमध्ये सगळ्यात वर एक अट घालावी : चित्र वाळल्यावर ते काढणाऱ्याने आधी स्वतः चपला घालून त्यावरून चालून दाखवावं. तो चालला नाही, तर कोणीच चालणार नाही.

सर्जाचं चित्र बबनने नंतर बाळूअण्णांच्या रस्त्याकडच्या भिंतीवर पुन्हा काढलं. वाळू न घालता. भिंत त्यांची, त्यामुळे माझ्या परवानगीचा प्रश्न नव्हता. जाणाऱ्यायेणाऱ्या ड्रायव्हरांना ते फार आवडलं. सर्जासमोर आलं की एकदा हॉर्न वाजवून त्याला नमस्कार करायची पद्धतच पडली. भिंत शाळेच्या बरोबर समोर आहे.

पुढच्या महिन्यात हॉर्नच्या त्रासाबद्दल अर्ज आला. पहिली सही सुमनची होती. तिने तो ऑफिसातच आणून दिला आणि पोच घेतली.